बारा इंची पट्टी कुठे वाकवायची?

मे सरत आला, वळवाचे एक-दोन तडाखे बसले, की आजऱ्यात छपरांची कामे एकदम अंगावर येतात. घर शाकारायचे, फुटकी कौले बदलायची, गोठ्याचे पत्रे आवळायचे आणि पन्हळी बसवायच्या. संकेश्वरहून बांद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आजरा लागते ते घाटमाथ्याच्या जरा अलीकडे. याच रस्त्याने पुढे आंबोली. तिथे वर्षाकाठी सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. हिरण्यकेशी तिथे उगम पावते आणि आजऱ्यावरून गडहिंग्लजकडे उतरते. तिच्या काठाने पूर्वेला जावे तसा पाऊस झपाट्याने कमी होत जातो. आजरा मधोमध आहे. आंबोलीइतका पाऊस इथे नाही, पण जून-जुलैत दिवसचे दिवस झड लागते आणि वळचणीच्या पागोळ्या थांबत नाहीत. त्या पागोळ्या जोत्यालगतची माती उकरतात आणि तांबडा चिखल भिंतीवर हातभर उडवतात. मातीची भिंत असेल तर ती खालून ओल धरते. म्हणून पन्हळ लागते.

बाजारात प्लॅस्टिकच्या तयार पन्हळी मिळतात. तरी काजू कारखान्याच्या शेडला, गुऱ्हाळाला, लांबलचक गोठ्याला अजून पत्र्याचीच पन्हळ करून घेतात. सपाट जी.आय. पत्रा आठ फूट लांब आणि चार फूट रुंद मिळतो. रुंदीतून बारा-बारा इंचांच्या चार पट्ट्या कापल्या की आठ फुटी चार तुकडे झाले. फॅब्रिकेशनच्या दुकानात बेंडिंग मशीनवर प्रत्येक पट्टीच्या दोन्ही कडा उभ्या करतात. मग तुकडे एकमेकांवर चढवून रिव्हेट मारतात, सांध्याला डाख किंवा सिलिकॉन देतात आणि वाशांना ठोकलेल्या लोखंडी पट्ट्यांवर पन्हळ बसवतात.

यात गणिताचा प्रश्न एकच आहे. बारा इंचांच्या पट्टीच्या कडा नेमक्या किती इंचांवर वाकवाव्यात, म्हणजे पन्हळीत जास्तीत जास्त पाणी मावेल?

कडा फार थोड्या वाकवल्या तर पन्हळ पसरट परातीसारखी होते आणि पाणी कडेवरून उतू जाते. फार वाकवल्या तर ती खोल होते खरी, पण तळ इतका अरुंद उरतो की त्या खोलीचा उपयोग नाही. उत्तर मधे कुठेतरी आहे एवढे तर्काने कळते. मात्र 'मधे कुठेतरी' ऐकून कारागीर पत्र्यावर रेघ मारू शकत नाही. त्याला आकडा लागतो.

पन्हळ आडवी कापली तर तिचा छेद आयत दिसतो. या छेदाचे क्षेत्रफळ जितके जास्त तितके पाणी जास्त. दोन्ही कडा क्ष इंच वाकवल्या, तर उंची क्ष आणि तळ १२ − २क्ष. क्षेत्रफळाला ग म्हणू:

ग = क्ष × (१२ − २क्ष) = १२क्ष − २क्ष²

थोडे आकडे घालून पाहू. क्ष १ असेल तर ग १०. क्ष २ तर १६. क्ष ३ तर १८. क्ष ४ केला की पुन्हा १६ आणि ५ केला की पुन्हा १०. आकडे चढतात, ३ पाशी टेकतात आणि ज्या पायऱ्यांनी चढले त्याच पायऱ्यांनी उतरतात. उत्तर ३ असणार हे दिसते. पण जे दिसते ते सिद्ध झालेले नसते. पावणेतीनला किंवा सव्वातीनला १८ पेक्षा जास्त येत नाही कशावरून? मधल्या अपूर्णांकांना अंत नाही, सगळे तपासणार कोण?

बारावीची मुले इथे कलन वापरतील. अवकलन काढायचे, शून्याशी मांडायचे, क्ष = ३. उत्तर बरोबर आहे. पण हा प्रश्न दहावीच्या वर्गात, वर्गसमीकरणांच्या प्रकरणातच सोडवून घ्यायला हवा असे मला मनापासून वाटते. त्यासाठी लागणारी पूर्ण वर्गाची पद्धत त्याच प्रकरणात शिकवलेली असते, आणि ती इथे कलनापेक्षा जास्त काही सांगून जाते.

या पद्धतीचे मूळ आपल्याकडे फार जुने आहे. श्रीधराचार्यांनी वर्गसमीकरण सोडवण्याची एक रीत दिली होती. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात ती रीत श्रीधरांच्या नावानिशी नोंदवल्यामुळे ती टिकली. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४ चा. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे भाग असलेला 'सिद्धान्तशिरोमणि' त्यांनी इ.स. ११५० मध्ये पूर्ण केला. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने यादव राजा सिंघणाच्या काळात मठ काढला. त्याची हकीकत सांगणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटण येथे डॉ. भाऊ दाजी लाड यांना एकोणिसाव्या शतकात मिळाला. बीजगणित हा परका विषय आहे असे मानणाऱ्याने एकदा पाटणला जाऊन यावे.

श्रीधरांची रीत अशी. वर्गपदाच्या सहगुणकाची चौपट करा आणि तिने दोन्ही बाजूंना गुणा. मग अव्यक्ताच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. डावी बाजू आपोआप पूर्ण वर्ग होते आणि अपूर्णांक मधे येत नाहीत. आपले समीकरण असे मांडू:

२क्ष² − १२क्ष = −ग

वर्गपदाचा सहगुणक २, त्याची चौपट ८. आठाने गुणू:

१६क्ष² − ९६क्ष = −८ग

क्षचा सहगुणक −१२, त्याचा वर्ग १४४. तो दोन्हीकडे मिळवू:

१६क्ष² − ९६क्ष + १४४ = १४४ − ८ग

डावी बाजू म्हणजे (४क्ष − १२) चा वर्ग. म्हणून

(४क्ष − १२)² = १४४ − ८ग

इथे थांबून या ओळीकडे नीट पाहावे, कारण सगळे उत्तर तिच्यात आहे. डावीकडे वर्ग आहे. धन संख्येचा वर्ग धन, ऋण संख्येचाही वर्ग धन. ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती कोणाचा वर्गच नसते, हे भास्कराचार्यांनी 'बीजगणित'मध्ये स्पष्ट सांगून ठेवले आहे. म्हणजे उजवी बाजू शून्याखाली जाऊ शकत नाही. १४४ मधून ८ग वजा होतात, तेव्हा ८ग फार तर १४४ होतील आणि ग फार तर १८. पट्टी कशीही वाकवा, उभ्या कडांच्या पन्हळीत १८ चौरस इंचांपेक्षा जास्त मिळणे अशक्य आहे. आणि १८ मिळतात ते उजवी बाजू शून्य होते तेव्हाच. तेव्हा डावीकडे ४क्ष = १२, म्हणजे क्ष = ३. मधले सगळे अपूर्णांक एका फटक्यात तपासून झाले.

तीच ओळ आठाने भागून फिरवून लिहिली तर अशी होते:

ग = १८ − २(क्ष − ३)²

कलन जे आपणहून सांगत नाही ते या ओळीत उघड लिहिलेले आहे. १८ हा सर्वोत्तम आकडा, आणि त्यातून वजा होणारा भाग म्हणजे चुकीची किंमत. तीन इंचांपासून जितके ढळाल त्याचा वर्ग करा, दुप्पट करा, तेवढे चौरस इंच गमावले. मशीनवर पट्टी सरकली आणि कड पाव इंच चुकली, तर पाव इंचाचा वर्ग एक सोळांश आणि त्याची दुप्पट एक अष्टमांश. अठरा चौरस इंचांत अष्टमांश चौरस इंचाचे नुकसान म्हणजे शेकडा एकही नाही. चूक अर्ध्या इंचाची झाली तर अर्धा चौरस इंच जातो. एक इंच चुकला तर मात्र दोन जातात आणि दोन इंच चुकला तर आठ. चूक दुप्पट झाली की नुकसान चौपट. कारागिराने पाव इंचासाठी पत्रा पुन्हा सरळ करून वाकवू नये. एक तर ते काम वाढवणे आहे, शिवाय एकाच जागी दोनदा वाकवलेल्या पत्र्याचे जस्त तडकते आणि गंज तिथूनच धरतो. इंचभर चुकले असेल तर मात्र फेरविचार करावा. कुठे हलके घ्यायचे आणि कुठे हट्ट धरायचा, हे समीकरण आकड्यात सांगते.

पट्टी बाराऐवजी कितीही रुंद असली तरी रीत तीच. रुंदीच्या चौथ्या हिश्शावर कडा वाकवायच्या, तळ निम्मा राहतो आणि क्षेत्रफळ येते रुंदीच्या वर्गाचा आठवा भाग. त्यातला 'वर्ग' महत्त्वाचा आहे. चार फुटी पत्र्यातून बारा इंची चार पट्ट्या काढल्या तर १८ चौरस इंचांची बत्तीस फूट पन्हळ मिळते. त्याच पत्र्यातून सोळा इंची तीन पट्ट्या काढल्या तर पन्हळ चोवीस फूटच होते, पण तिचे क्षेत्रफळ २५६ भागिले ८, म्हणजे ३२ चौरस इंच. लांबी पावपट घटली आणि पोट पाऊणपटीहून जास्त वाढले. मोठ्या छपराला अरुंद पन्हळ देऊन पत्रा वाचवणे महागात पडते ते यामुळे.

आता उभ्या कडांचा हट्ट सोडू. पट्टी फक्त मधोमध एकदाच दुमडली तर? सहा-सहा इंचांच्या दोन बाजूंची त्रिकोणी पन्हळ होईल. तोंडाची रुंदी दोन 'प' आणि खोली 'ब' धरली तर क्षेत्रफळ प × ब, आणि पायथागोरसप्रमाणे प² + ब² = ३६. प − ब चा वर्ग म्हणजे ३६ − २पब. वर्ग शून्याखाली जात नाही, म्हणून पब फार तर १८, आणि तेही प आणि ब समान असताना. म्हणजे गुण्या लावून पट्टी काटकोनात दुमडली की झाले. आणि आकडा पाहा: पुन्हा १८! आकार पूर्ण वेगळा, वाकवण्याची रीत वेगळी, पण उत्तर तंतोतंत तेच. असा योग उगाच येत नाही. त्याचे कारण पुढे सांगतो.

तिसरा आकार बाहेर फाकलेल्या कडांचा. बारा इंचांचे चार-चारचे तीन भाग करा, मधला भाग तळ, बाजूचे दोन तिरपे. प्रत्येक तिरपी बाजू तोंडाकडे 'ह' इंच बाहेर झुकली आहे असे धरू. मग खोली म्हणजे १६ − ह² चे वर्गमूळ, आणि समलंबाचे क्षेत्रफळ म्हणजे (४ + ह) गुणिले ही खोली. वर्गमूळ नको म्हणून क्षेत्रफळाचा वर्ग घेऊ. १६ − ह² चे अवयव (४ + ह)(४ − ह), म्हणून

ग² = (४ + ह)(४ + ह)(४ + ह)(४ − ह)

हे वर्गसमीकरण राहिले नाही, पण मूळ युक्ती कामास येते. दोन संख्यांची बेरीज ठरलेली असेल तर त्या समान असताना गुणाकार सर्वात मोठा होतो. चार संख्या असतील तर आधी पहिल्या दोघींऐवजी त्यांची सरासरी घ्या, मग दुसऱ्या दोघींऐवजी त्यांची, मग त्या दोन सरासरींची सरासरी. प्रत्येक पायरीला गुणाकार वाढतो किंवा तेवढाच राहतो, कधी घटत नाही. म्हणून चारही समान असताना तो सर्वात मोठा. आता पहिल्या तीन अवयवांना तीनाने भागू. (४ + ह)/३ तीन वेळा आणि (४ − ह) एकदा, यांची बेरीज ह कितीही असला तरी ८ च येते. गुणाकार मोठा हवा तर चारही २ व्हायला हवेत. ४ − ह = २, म्हणून ह = २. तिकडे (४ + २)/३ हेही २. जुळले.

क्षेत्रफळ येते ६ गुणिले १२ चे वर्गमूळ, म्हणजे २०.७८ चौरस इंच. तोच पत्रा, दोनच वाक, आणि आयतापेक्षा शेकडा पंधरा जास्त. कारागिराला कोनमापकाचीही गरज नाही. तळ चार इंच आहे, तोंड टेपने मोजून आठ इंच भरले की कोन बरोबर आला. ज्याला हात करून पाहायचे आहे त्याने वहीच्या कागदाची बारा सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी, चार-चारवर दुमडावी आणि तोंड उघडत-मिटत बघावे. आठ सेंटिमीटरला ती सर्वात भरदार दिसते, आणि दोन्ही बाजूंना थोडे हलवले तरी फारसा फरक पडत नाही, हेही डोळ्यांना कळते.

आता त्या दोन अठरांचे कारण. पन्हळ काठोकाठ भरली आहे असे समजा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर आरसा ठेवा. पन्हळीचा छेद आणि त्याचे प्रतिबिंब मिळून एक बंद आकृती होते. तिची परिमिती चोवीस इंच आणि क्षेत्रफळ पन्हळीच्या दुप्पट. आयती पन्हळ ३ खोल, ६ रुंद होती. प्रतिबिंब जोडले की सहा बाय सहाचा चौरस झाला. त्रिकोणी पन्हळ आणि तिचे प्रतिबिंब मिळूनही सहाचाच चौरस होतो, फक्त टोकावर उभा असलेला. एकच चौरस एकदा बाजूला समांतर कापला, एकदा कर्णावर कापला. ३६ चे निम्मे दोन्हीकडे १८. आणि फाकलेली पन्हळ? तिचे प्रतिबिंब जोडले की चार इंच बाजूचा सुसम षटकोन तयार होतो. ठरावीक परिमितीच्या सगळ्या षटकोनांत सुसम षटकोनाचे क्षेत्रफळ सर्वात मोठे असते. म्हणून चार-चार-चार सोडून पट्टीची दुसरी कुठलीही वाटणी केली, तरी दोन वाकांत २०.७८ च्या वर जाता येत नाही.

मग वाक वाढवत नेले तर? तीन वाकांत अष्टकोनाचा निम्मा भाग, चारांत दशकोनाचा. शेवट गोलाकडे. पट्टी अर्धगोल वळवली तर क्षेत्रफळ ७२ भागिले पाय, म्हणजे २२.९२ चौरस इंच. यापुढे वाट नाही. ठरलेल्या परिमितीत वर्तुळ सर्वात जास्त जागा व्यापते हे प्राचीन ग्रीकांना ठाऊक होते. याकोब श्टाइनरने एकोणिसाव्या शतकात त्याला सुंदर भूमितीय युक्त्या दिल्या, आणि उरलेली फट वायरश्ट्रासने भरून काढली. एवढ्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीची चोख सिद्धता व्हायला इतकी शतके लागली.

आकड्यांची ही चढण मात्र सारखी नाही. आयतावरून षटकोनावर आलो की जवळजवळ पावणेतीन चौरस इंच मिळाले. षटकोनावरून थेट अर्धगोलावर गेलो तरी दोनच आणखी मिळतात, आणि त्यासाठी पत्रा रोलिंग मशीनमधून काढावा लागतो, आधाराच्या पट्ट्याही गोल वळवाव्या लागतात. माझे मत विचाराल तर साध्या बेंडिंग मशीनवर काम करणाऱ्याने फाकलेली पन्हळ धरावी.

कागदावरचे १८ प्रत्यक्षात पूर्ण हाती येत नाहीत, आणि तेही बीजगणितात बसवता येते. कापलेली कड धारदार असते, हात चिरतो. म्हणून दोन्ही कडांना अर्धा-अर्धा इंच घडी मारतात, त्याने पट्टीला ताठपणाही येतो. वापरायला अकरा इंच उरले. शिवाय भिंतीकडची बाजू पुढच्या बाजूपेक्षा इंचभर उंच ठेवावी, म्हणजे पन्हळ तुंबली तरी पाणी अंगणात पडेल, भिंतीवर येणार नाही. तो इंचही गेला, दहा उरले. पाणी पुढच्या कडेच्या उंचीइतकेच चढणार, म्हणून क्षेत्रफळ क्ष × (१० − २क्ष). रीत तीच. क्ष अडीच, तळ पाच, मागची बाजू साडेतीन, क्षेत्रफळ १०० भागिले ८ म्हणजे साडेबारा चौरस इंच. दोन इंचांनी जवळजवळ तिसरा हिस्सा नेला. तरी हे दोन इंच वाचवू नयेत. भिंत पन्हळीपेक्षा महाग असते.

साडेबारा चौरस इंच पुरतील का, याचा हिशेब छपरावरून होतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. दुपाखी शेडची एक बाजू वीस मीटर लांब आणि जमिनीवर मोजलेली रुंदी सहा मीटर असेल, तर १२० चौरस मीटर झाले. जोराची सर तासाला १०० मिलिमीटरच्या वेगाने कोसळली तर तासाला बारा हजार लिटर, म्हणजे सेकंदाला सव्वातीन लिटरहून थोडे जास्त. साडेबारा चौरस इंच म्हणजे सुमारे ८० चौरस सेंटिमीटर. दहा फुटांना अर्धा इंच उतार दिला तर अशा पन्हळीत पाणी सेकंदाला साधारण अर्धा मीटर धावते, म्हणून ती काठोकाठ भरल्यावर सेकंदाला चार लिटर वाहून नेईल. भागते, पण जेमतेम. वर फणसाचे नाहीतर आंब्याचे झाड असेल आणि पन्हळीत पाने साचली, तर त्याच सरीत ती उतू जाईल.

यावर रुंद पत्रा घेण्याआधी एक उपाय करावा. पन्हळीचा मध्य उंच धरावा, दोन्ही टोकांकडे उतार द्यावा आणि दोन्ही टोकांना पाइप जोडावेत. मग प्रत्येक टोकाकडे निम्मेच पाणी जाते, सेकंदाला पावणेदोन लिटरच्या आत, आणि चार लिटरच्या पन्हळीत पाने अडकायलाही जागा उरते. वाढीव खर्च एका पाइपचा आणि दोन कोपरांचा. पाइपच्या तोंडावर जाळी बसवावी आणि मृग लागण्याआधी ती एकदा काढून धुवावी.